आतोबांच्या निबेचा उतार

"सही जुळत नाही," खिडकीतली बाई म्हणाली, आणि मी अजून हसतच होते. पंख्याचं बटण बंद केलं तरी पाती थोडा वेळ फिरत राहतात, तसं माझं हसू फिरत राहिलं. कारण जरासंच आधी त्याच बाईने आत्याचा कागद हातात घेऊन विचारलं होतं, "हे अक्षर कुणाचं हो?" आणि आत्याने "भाचीचं" म्हणत मला दंडाला धरून पुढे सरकवलं होतं, कापडवाला चांगला तागा पुढे सरकवतो तशी. कागदावरचे रिकामे रकाने मी भरले होते, घरून माझंच पेन नेऊन. त्यात ओल्या पाटीच्या रंगाची शाई होती, जी उभ्या रेघेत गडद होते आणि वळणावर फिकी पडते. आत्याचं नाव, आत्याचा पत्ता, आतोबांचं नाव आणि त्याच्या आधी 'कै.'. त्या 'कै.'वरच्या दोन मात्रांना मी जरा जास्तच झोक दिला होता. खोटं कशाला सांगू, तो शब्द लिहितानासुद्धा मला मजाच आली होती. सही तेवढी आत्याने केली, आतोबांच्या पेनाने. तेवढीच जुळली नाही.

आतोबा गेल्यापासून त्यांची पेन्शन आत्याला मिळते आणि ती चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा आपण हयात आहोत असं तिला बँकेत सांगून यावं लागतं. या वेळी मीच म्हटलं होतं, मी येते सोबत. हल्ली मी सगळीकडे सोबत जाते. मागच्या वर्षापर्यंत पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहणारी मी, आता पाहुण्यांच्या शेजारी बसून त्यांच्या सह्या पाहते आणि सांगते की तुमचा 'र' फार घाईत आहे. बाबा म्हणतात, हिच्या जिभेला हाड होतं तेच बरं होतं. खिडकीतल्या बाईने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर आत्याची जुनी सही होती, आतोबा गेल्यावर त्यांच्याच पेनाने केलेली. डावीकडे कललेली, सोसाट्याच्या वाऱ्यात माणसं उभी असावीत तशी, एकेक अक्षर मागच्याच्या अंगावर रेललेलं. आणि कागदावर आजची. गोल, सरळ, पुसलेल्या फरशीवर पाय सटकावा तशी शेवटची रेघ रकान्याबाहेर गेलेली.

"परत करा इथे बाजूला. घाई नाही," बाई म्हणाली.

"घाई आम्हाला आहे," रांगेतले एक आजोबा मागून म्हणाले आणि दोघंतिघं हसले.

"अहो, मी जिवंत आहे एवढंच सांगायचंय ना?" आत्या म्हणाली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? उभी आहे की समोर."

"तुम्ही आहातच हो. सहीसुद्धा तुमची पाहिजे."

आत्या हसली आणि वाकली. तिने कागद तिरका केला. मग कोपर बाहेर काढलं, मनगट आत दुमडलं, पेन बोटांत थोडं फिरवलं. ही तिची खोड मला पाठ होती. तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर 'गॅस लावला', 'टाकी धुतली' असं याच पेनाने लिहिताना ती अशीच वाकडी व्हायची आणि मी दर वेळी म्हणायचे, आत्या, पेन असं धरतात का, तू काय खिडकी पुसतेयस? तर ती म्हणायची, हे असंच चालतं, मास्तरीणबाई. आता ती तशीच वाकडी झाली, पण पेन कुठेही अडलं नाही. तिने थोडं आणखी फिरवलं, तरी ते चाललं. उलटं फिरवलं, तरी चाललं. अंधारात जिन्याची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे सपाट जमीन लागावी, तसा तिचा हात दर वेळी जरासा दचकत होता. सही झाली, पुन्हा सही झाली, दर वेळी निराळी. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. माझ्या बोटांना शाई लागलेली होती, ती मी नेहमी अभिमानाने तशीच ठेवते, लोकांनी विचारावं म्हणून. ती बोटं मी खिशात घातली.

"अंगठा द्या मग," बाई म्हणाली. तिच्या आवाजात काहीही वाईट नव्हतं. "तेच सोपं पडेल." आणि तिने शाईचा पॅड खिडकीतून बाहेर सरकवला.

माझी आत्या वाचनालयात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर परतीच्या तारखेचे शिक्के मारते, आणि कुणी पान दुमडून आणलं तर ते त्याच्यासमोर उलगडून, नखाने सरळ करून मग पुस्तक आत घेते. त्या आत्याने अंगठा पुढे केला. तिला नीट दाबता येईना, तेव्हा बाईने तिचा अंगठा स्वतःच धरला आणि कागदावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गोल फिरवला, लहान मुलाचं नाक पुसावं तसा. वर माझी सुरेख करडी-निळी अक्षरं आणि खाली तो जांभळा डाग. मागचे आजोबा त्यांच्या बाजूच्या माणसाला हळू आवाजात सांगत होते, "अक्षर किती छान आहे बघा पोरीचं," आणि त्या क्षणी, त्या क्षणीसुद्धा, माझ्या आत काहीतरी एवढंसं फुललं. मी ते दाबलं. पण ते फुललं होतं हे मला माहीत आहे.

बाहेर ऊन होतं. आत्या भिंतीला अंगठा पुसू पाहत होती आणि डाग पसरत होता. मी म्हणायला हवं होतं ते म्हटलं नाही. मी म्हटलं, "लिंबू लावलं की जातो." शाईच्या डागांबद्दल मला सगळं माहीत असतं. कुठली शाई पाण्याने जाते, कुठली साबणाने, कुठली जातच नाही. माझ्याकडे शाईच्या दौती खिडकीत रंगांच्या क्रमाने मांडलेल्या आहेत, आणि प्रत्येकीचा एक कागदाचा कपटा आहे, त्यावर मी त्याच शाईने एकच वाक्य लिहिलेलं आहे. हे वेड लागलं त्याआधी मी वर्गात कोण होते असं कुणाला विचारलं, तर बहुधा कुणालाच सांगता येणार नाही. मग एकदा मुख्याध्यापिकांनी माझी वही सगळ्या वर्गासमोर उघडून धरली. तेव्हापासून बक्षिसांच्या कागदांवर नावं माझ्या हातची, फळ्यावरचा सुविचार माझ्या हातचा, वर्गातल्या मुली आपल्या वह्यांच्या पहिल्या पानावर माझ्याकडून नाव लिहून घेतात. माझं मलाच कळत होतं की मी चालताना पाय जरा वेगळे टाकते. पेनवेड्या माणसांचा एक गट आहे मोबाइलवर, त्यात सगळी मोठी माणसं, डॉक्टर, इंजिनियर, आणि त्यात मी. तिथे कुणी माझं वय विचारत नाही, माझ्या अक्षराचा फोटो पाहून "वा" म्हणतात. त्या एका "वा"साठी मी काय काय करेन. काय काय केलं.

आतोबांचं पेन काळं आहे, टोपणाची पकड आतलं पितळ दिसेपर्यंत गेलेली. आतोबा वजनकाट्यावर होते. मालाने भरलेले ट्रक जमिनीतल्या लोखंडी पाटावर येऊन उभे राहायचे आणि आतोबा आपल्या खोपटाच्या खिडकीतून अर्धे बाहेर वाकून, पावत्यांचा गठ्ठा डाव्या हाताच्या कोपरावर टेकवून वजन लिहायचे, लिहिता लिहिता ड्रायव्हरला विचारायचे, काय रे, जेवलास का, की तुझंच वजन धरू यात. सगळी नोकरी अशी वाकून झाल्यामुळे घरी टेबलाशी बसले तरी अंग तिरकं करूनच लिहायचे. अक्षर म्हणाल तर अंगणात कोंबडीने पाय घासलेले. माझ्या अक्षराकडे मात्र ते चष्मा वर करून बघायचे. म्हणायचे, "हे वाचू नये. नुसतं बघावं." मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं. आज बँकेपासून बसथांब्यापर्यंत आत्याच्या मागून चालताना पहिल्यांदाच वाटलं, ते चेष्टा करत असतील. माझ्या अक्षरात वाचण्यासारखं कधी काही होतं का?

पेन अधूनमधून कोरडं पडायला लागलं म्हणून मागच्या आठवड्यात आत्याने ते मला दिलं. तिच्या हातातून माझ्या हातात येताना ते क्षणभर दोघींच्या हातात होतं. "फक्त धू," ती म्हणाली.

"निब खरखरते गं. जरा घासून देऊ? लोण्यासारखी करते."

"खरखरू दे. फक्त धू. बाकी काही करायचं नाही."

"बरं."

किती सरळ होतं ते. मी ऐकलं, समजलं, "बरं" म्हटलं. काल, रविवारी दुपारी आई झोपली होती, बाबा सायकलची साखळी पुसत होते. मी वाटीत कोमट पाणी घेतलं आणि निब त्यात सोडली. वाळलेली शाई पाण्यात उतरू लागली, आधी धाग्यासारखी, मग धुरासारखी. ते पाहायला मला इतकं आवडतं की मी तोंड वाटीजवळ नेऊन बसते. ही शाई आतोबांनी भरलेली नव्हे, आत्याने भरलेली, पण तळाशी, अगदी निबेखालच्या जिभेच्या खाचेत, कुठेतरी त्यांचीही असेलच, असा विचार मनात आला आणि मी तो कौतुकाने पाहून बाजूला ठेवला, एखादा छान कपटा ठेवावा तसा. मग निब पुसली. टोक भिंगाखाली धरलं आणि मला चक्क हसू आलं. एका बाजूने पार झिजून गेलेलं. उताराला लागलेलं. असलं टोक फक्त एकाच कोनात चालणार आणि बाकी सगळीकडे ओरखडणार. गटातल्या मंडळींच्या भाषेत ही निब आजारी होती. आणि आजारी निब हातात आली की तिला बरं केल्याशिवाय आमच्यातल्या कुणालाही झोप लागत नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ करतात ना लोक, न विचारता, तसं.

त्यासाठी एक कागद मिळतो, हाताला लागतसुद्धा नाही इतका बारीक काचपेपर. त्यावर पाण्याचा थेंब टाकायचा आणि निबेने इंग्रजी आठ काढायचे. मोठे, सैल, न दाबता, हात थोडा थोडा फिरवत, म्हणजे टोक सगळीकडून सारखं होतं. मी आठ काढत होते आणि गुणगुणत होते. पांढऱ्या कागदावर करड्या रेघा उमटत होत्या. मला तेव्हा वाटलं, हा मळ. तो धातू होता. आतोबांचं सगळं आयुष्य ज्या धातूला रोज थोडं थोडं घासत गेलं, त्याला मी एका दुपारी, एका गाण्याच्या चालीवर, गोल करून टाकलं. नंतर चाचणीसाठी लिहिलं तर काय चाललं पेन. कुठल्याही हाताने, कुठल्याही कोनात, बर्फावरून जावं तसं. मी आधीच्या आणि नंतरच्या अक्षराचा फोटो गटात टाकला. कुणीतरी लिहिलं, "या हातांत जादू आहे." ते वाक्य मी पुन्हा पुन्हा उघडून वाचलं. संध्याकाळी आत्याकडे पेन द्यायला गेले, तर ती टोपण उघडून निबेकडे बघत राहिली.

"काय केलंस?"

"काही नाही. फक्त धुतलं."

खोटं किती पटकन येतं. माझ्या कुठल्याही अक्षराला इतकं सहज वळण कधी आलेलं नाही.

बसमध्ये आत्या खिडकीशी बसली. अंगठा वर करून तिने तो इतर बोटांपासून लांब धरला होता, भाजलेला धरतात तसा. मला वाटत होतं, ती रागावली आहे, तिला कळलं आहे, आता बोलेल. रागावली असती तर बरं झालं असतं. मी आतल्या आत उत्तरंही जुळवत होते. पेन आता किती चांगलं चालतं बघ. बँकेचे नियमच मूर्ख आहेत. कुणाच्याही सह्या वयाप्रमाणे बदलतात. प्रत्येक उत्तर नीटनेटकं, समासासकट. घरी आल्यावर तिने लिंबू कापलं, अंगठ्याला चोळलं, चहा टाकला, आणि पाठमोरीच म्हणाली, "माझाच हात विसरला गं."

"काय विसरला?"

"तुला हसू येईल."

"नाही येणार."

"ते पेन आहे ना ह्यांचं, ते नुसतं धरलं की चालायचं नाही. कुरकुरायचं. मग हात जरासा फिरवत, फिरवत न्यायचा, आणि एका जागी आलं की एकदम गप्प. ह्यांच्यासारखंच. आधी कुरकुर, मग गप्प." ती हसली. "ती जागा ह्यांची. तिथे हात गेला की मला वाटायचं, वरून ह्यांनी धरलाय. म्हणून तर गॅसचं न् टाकीचं लिहीत बसायचे. नाहीतर गॅस कधी लावला हे कुणाला हवंय." चहा उतू जायला आला तसा तिने गॅस बारीक केला. "काल तू गेल्यावर लिहून बघितलं, तर ती जागा सापडेना. म्हटलं, दमले असेन. आज त्या बाईसमोर किती शोधली. नाहीच. चेहरा कधीतरी पुसट होतो असं सगळे म्हणायचे, त्याची तयारी होती माझी. पण हात इतक्या लवकर विसरेल असं वाटलं नव्हतं."

मी स्टुलावर बसले होते. बोलणं थांबलं की मला अस्वस्थ वाटतं, मी लगेच काहीतरी भरते. आता भरायला काहीच नव्हतं. म्हणजे गप्प राहता येत होतं. गप्प राहिले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. आत्याने मला बिस्किटं दिली असती, मी आणखी एखादा महिना मान खाली घालून आले असते, आणि ती रोज या ओट्यापाशी उभी राहून स्वतःच्या हाताला दोष देत राहिली असती. ज्या माणसावर तिचा इतका जीव, त्याला आपण विसरलो, असं मनात धरून. मला माझी लाज वाटत होती ती एवढा वेळ एक प्रकारची होती, कुणी पाहील अशी. आता ती वेगळीच झाली. तिला प्रेक्षक लागत नव्हते.

"आत्या, तू नाही विसरलीस," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही. "ती जागाच नाहीये आता. मी घासली. तू नको म्हणाली होतीस तरी. काचपेपरवर घासून मी ती सगळीकडून सारखी केली. आणि तुला सांगितलं फक्त धुतलं."

ती वळली. मी तिच्या तोंडाकडे बघायचं ठरवलं होतं आणि बघितलं. आधी तिचा चेहरा सैल झाला. खरंच, ती आधी सुखावली. कपाळावरची आठी गेली, ओठ उघडले, ती म्हणाली, "म्हणजे मी नाही विसरले," आणि ते इतकं हलकं होऊन म्हणाली की वाटलं ती मला जवळ घेईल. मग, चहा दोन कपांत ओतता ओतता, दुसरी गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचली. कप भरून वाहायला लागला तरी ती ओतत राहिली. मी फडकं घेऊन उठले. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः ओटा पुसला, सावकाश, कोपऱ्यांपर्यंत.

"भरून येतं का ते परत?"

"नाही."

"तुमच्या त्या डॉक्टर-इंजिनियरांना विचारून बघ."

"विचारते. पण नाही येत आत्या. घासलेलं परत येत नाही."

ती समोर येऊन बसली. पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि निब डोळ्यांजवळ नेली. साध्या डोळ्याला तिथे काय दिसणार. खसखशीच्या दाण्याएवढा धातू, आता आरशासारखा चकचकीत. "तू भिंगातून बघितलंस ना घासायच्या आधी," ती म्हणाली.

"हो."

"मी कधी नाही बघितलं. मला नुसतं हाताला माहीत होतं. कसं होतं ते दिसायला?"

आणि मग मला कळलं की ते मी सोडून जगात कुणीच पाहिलेलं नाही. आतोबांनीसुद्धा नाही. मी डोळे मिटले. सांगायला लागले. टोकाची डावी कड गेलेली होती आत्या, उजवी शाबूत. मधे एक लहानसा उतार होता, अगदी सपाट, बसून बसून बाकाची फळी गुळगुळीत होते ना, तसा. त्यावर बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेला, आणि कडेला एक खळगा, जिथे ते बहुतेक पूर्णविरामाला टेकवत असतील. सांगता सांगता माझा आवाज परत माझा होऊ लागला. शब्द नेमके सापडत होते, बाकाची फळी मला आवडली, खळगा तर फारच, आणि हे मला आवडतंय हे लक्षात येताच मी थांबले. कान पुन्हा तापले. डोळे उघडले तर आत्याने पेन बोटांत धरलं होतं, कोपर बाहेर, मनगट आत, निब टेबलापासून जराशी वर, काहीही न लिहिता. ती हात फार हळू फिरवत होती.

"उतार कुठल्या बाजूला म्हणालीस?" तिने विचारलं. "परत सांग. पहिल्यापासून. हळू सांग."